आपल्या मृतांची नोंद

आमच्या घरात आजोबांच्या पलीकडचे नाव सांगणारे कोणी नव्हते. वंशावळी जपल्या त्या वतनदारांनी. त्यांच्याकडे कागद होते, तीर्थक्षेत्री पंड्यांच्या चोपड्या होत्या. मग आपल्या माणसांची नोंद कोणी ठेवलीच नाही काय? ठेवली. ती गावच्या पोलीस पाटलाच्या दप्तरात आहे.

जन्म-मृत्यूच्या या नोंदवहीस गाव नमुना १४ म्हणतात. लोकांच्या तोंडी ती 'कोतवाल बुक'. तारीख, नाव, बापाचे नाव, जात, मरणाचे कारण असे तिचे रकाने. गावच्या बऱ्यावाईट बातम्या पोचवण्याचे काम महाराच्या माथी होते. म्हणजे बातमी आपल्या पायांनी चावडीवर गेली. लेखणी मात्र दुसऱ्याच्या हातात राहिली. म्हणून जेथे इतरांचे आडनाव, तेथे आपली जात लिहिलेली सापडते.

तरीही ही वही आपण सोडून चालणार नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' आहे, त्यांच्या मुलांना पणजोबाची जुनी नोंद शोधावी लागते. ज्या शब्दाने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, तोच शब्द आज विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी शोधावा लागावा, हा या व्यवस्थेचा विपर्यास आहे.

शोध कसा घ्यावा? १९६९ च्या नोंदणी कायद्यानंतर खेड्यांतील नोंदी ग्रामपंचायतीत होऊ लागल्या. त्यापूर्वीच्या वह्यांसाठी तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष गाठावा. मावळच्या गावांसाठी तो वडगावला. लोणावळा शहराच्या नोंदींसाठी नगरपरिषदेत विचारावे. अर्जात गाव, बापाचे नाव आणि अंदाजे साल द्यावे. साल ठाऊक नसेल तर म्हाताऱ्यांना विचारावे: प्लेगच्या आधी की नंतर? १९१८ च्या मानमोडीत का? जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्यावा. नक्कल नेहमी सही-शिक्क्याची घ्यावी.

आणखी एक ध्यानात ठेवावे. मृत्यू जेथे घडला तेथे त्याची नोंद होते. घाटातल्या रेल्वेच्या आणि वळवण धरणाच्या कामांवर दूरदूरची माणसे आली. तेथे मेलेल्यांची नावे त्यांच्या मूळ गावी शोधून हाती लागणार नाहीत.

२०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर हीच दप्तरे उघडली गेली. आपण मात्र दाखल्यापुरते कचेरीत जातो आणि नक्कल मिळताच परततो. मीही तसाच गेलो होतो. आजोबांची नोंद शोधताना वरच्या ओळीत त्यांच्याच बापाच्या नावापुढे एक नोंद दिसली: मुलगी, वय आठ दिवस, ताप. तिचे नाव नव्हते, आईचेही नव्हते. घरी वाचून दाखवले. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मला आणखी एक आत्या होती."

दाखल्यासाठी त्या ओळीचा काडीचा उपयोग नव्हता. पण आमच्या घराचा लेखी इतिहास तिच्यापासून सुरू होतो. आपल्या तरुणांनी सुटीत आपापल्या गावची वही पाहावी, सगळी नावे उतरून आणावीत आणि वस्तीत बसून मोठ्याने वाचावीत. म्हातारी माणसे आहेत तोवर त्या ओळींना चेहरे मिळतील. कागद जीर्ण होत आहे, आणि आठवणारी माणसेही कमी होत आहेत.