दुव्याचे मोल आणि उताऱ्याचे मोल

एखाद्या संकेतस्थळाने वृत्तपत्रातील लेखाचा दुवा दिला किंवा त्यातील दोन ओळी दाखवल्या, तर प्रकाशकाला मोबदला द्यावा काय? या चर्चेत दुवा आणि उतारा या दोन भिन्न गोष्टी सर्रास एकत्र केल्या जातात. दुवा हा ग्रंथालयातील सूचिपत्रकासारखा असतो. पुस्तक कोणत्या कपाटात आहे एवढेच तो सांगतो. उतारा हा मात्र मजकुराचाच भाग असतो, आणि तेवढ्यावर वाचकाचे समाधान झाले तर तो मूळ लेखाकडे वळतच नाही. प्रकाशकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते इथे.

जर्मनीने १ ऑगस्ट २०१३ पासून प्रकाशकांना उताऱ्यांवर हक्क दिला. अगदी त्रोटक उतारे वगळले; पण त्रोटक म्हणजे किती शब्द, हे कायद्याने सांगितले नाही. आक्सेल श्प्रिंगर या बड्या प्रकाशनसंस्थेने मोफत परवानगी नाकारली, तेव्हा गूगलने ऑक्टोबर २०१४ मध्ये तिच्या चार संकेतस्थळांचे उतारे काढून नुसते मथळे ठेवले. शोधातून येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि दोन आठवड्यांतच संस्थेने मोफत परवानगी देऊन टाकली! हक्क कागदावर होता, वाचक दुसऱ्याच्या हाती होता.

स्पेनची तरतूद अधिक कडक होती. तेथे प्रकाशकाला मोबदला सोडून देण्याचीही मुभा नव्हती. गूगल न्यूजची स्पेनमधील सेवा डिसेंबर २०१४ मध्ये बंद पडली, ती २०२२ मध्ये परतली.

कॅनडाने २०२३ च्या कायद्याने दुव्यालाही मोबदल्याच्या कक्षेत आणले. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले; मेटाने मात्र फेसबुकवरील बातम्याच बंद केल्या. अशा वेळी नामांकित वृत्तपत्राकडे वाचक थेट जातो, गावच्या साप्ताहिकाचे मात्र हाल होतात.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातील कलम १५ ने दुवा आणि अतिशय छोटा उतारा मोकळा ठेवला व त्यापलीकडील ऑनलाइन सेवांच्या वापरावर प्रकाशकाला दोन वर्षांचा हक्क दिला. ही विभागणी प्रस्तुत लेखकाला अधिक न्याय्य वाटते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संशोधन, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वृत्तासाठी उचित वापराला मुभा देते. तेव्हा प्राध्यापकांनी वाचनयादीत दुवा देताना बिचकू नये. संपूर्ण लेख उतरवून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवणे ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे.