जुन्या लष्करी रायफलीची जपणूक : पुनरुज्जीवन आणि पाठरक्षण

‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव वऱ्हाडात इंग्रजी न शिकलेल्या माणसासही परिचित आहे. नळीचा अंतर्व्यास इंचाच्या ३०३ सहस्रांश असल्याचे सांगणारी ही संख्या लोकव्यवहारात शस्त्राचे विशेषनामच होऊन बसली. ‘रायफल’ हा शब्दही मूळचा नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल पन्हळींचा वाचक होय. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली आखूड ली-एन्फील्ड रायफल बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात दीर्घकाळ तयार होत असे. सैन्यात नवी शस्त्रे आल्यावर ही रायफल पोलिसांच्या ‘कोतां’त, म्हणजे शस्त्रागारांत, आणि १९४८ नंतर राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतींत दीर्घकाळ वावरली, अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयीन तरुणांच्या कित्येक पिढ्यांस तिची ओळख झाली, ती या मार्गाने. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली या व्यासाची रायफल सामान्य नागरिकास बाळगता येत नाही. त्यामुळे तिच्या जपणुकीची जबाबदारी मुख्यतः संस्थांवर येते.

अशा शस्त्राचा शत्रू काळ नव्हे, तर क्षार आणि ओलावा होत. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते. हा पदार्थ मिठासारखाच हवेतील बाष्प ओढून घेतो व पन्हळींस गंज चढवितो. तेल लावले की नळी सुरक्षित झाली, ही समजूत येथे घातक ठरते. कारण हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणूनच उकळते पाणी नळीतून ओतण्याची शिस्त सैन्यात होती. पाण्याने क्षार धुतला जातो आणि तापलेली नळी स्वतःच लवकर कोरडी होते. त्यानंतर सुती चिंधी ओढावी आणि सर्वांत शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. हा क्रम उलटल्यास क्षार तेलाखाली तसाच राहतो.

लाकडी दस्त्याचा प्रश्न निराळा आहे. वऱ्हाडचा कोरडा, प्रखर उन्हाळा आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा यांमुळे लाकूड आळीपाळीने आकसते व फुगते. त्यास चिरा पडतात, आणि नळीवर त्याचा दाब विषम झाल्यास नेमही ढळतो. यावर रूढ उपाय जवसाच्या तेलाचा होय. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे वा खोबऱ्याचे तेल असे वाळत नाही; ते चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल अगदी थोडे घेऊन तळहाताने चोळावे आणि एक थर पूर्ण वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. मात्र हे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिल्यास ही उष्णता आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून त्या उघड्यावर सुट्या पसराव्यात अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

आतापर्यंत सांगितलेले सर्व कौशल्य हातांचे झाले. यापुढचे विवेकाचे आहे. रायफलीवरील कोरीव खुणा म्हणजे तिचा मूळ पाठ होय. ईशापूरच्या जुन्या रायफलींवर राजमुकुट आणि ‘जी. आर. आय.’ ही सम्राटाची आद्याक्षरे आढळतात, तर प्रजासत्ताकाच्या काळातील रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर. एफ. आय.’ ही कारखान्याची अक्षरे येतात. एका राज्यव्यवस्थेचा अंत व दुसरीचा आरंभ पोलादाच्या दोन बोटे जागेवर नोंदला गेला आहे. चकाकी आणण्याच्या हौसेने जो ही जागा कानशीने घासतो, तो हस्तलिखितातील पुष्पिकाच खरवडून टाकतो.

ही हानी केवळ इतिहासाची नव्हे. बोल्ट प्रत्येक रायफलीस स्वतंत्रपणे बसविलेला असतो, म्हणून रायफलीचा क्रमांक त्यावरही कोरतात. साफसफाईत दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल झाले, तर काडतुसाच्या बुडामागील अंतर बदलते. ते वाढल्यास बार उडताना काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ शकतो. शिवाय १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने याच बांध्यावर ७.६२ मिलिमीटरची रायफल घडविली. तिचे काडतूस निराळे आहे, आणि तिची खातरजमा करून देणारे अक्षर अंगावरच कोरलेले असते. ते पुसले गेले की अनभिज्ञ हाताला धोक्याची सूचना देणारे काही उरत नाही.

पाठचिकित्सेचा अभ्यासक लेखनिकाची चूकदेखील नोंदवून ठेवतो, ती गुपचूप सुधारीत नाही. जुन्या शस्त्राबाबतही हेच पथ्य पाळावे. वाढत जाणारा गंज थांबवावा, पण स्थिरावलेला काळसर थर राहू द्यावा. भेगाळलेला दस्ता सांधावा, परंतु त्यावरील जुने क्रमांक व पट्ट्याने पडलेले घट्टे तसेच ठेवावेत. केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद करावी. म्हणजे रायफल पुढील अभ्यासकाच्या हाती जाईल तेव्हा तिच्यातील मूळचे कोणते व मागाहून घातलेले कोणते, हे त्यास निश्चितपणे सांगता येईल.