बांधावरचा कायदा जाणणारा गावात हवा

शिरूर-दौंडच्या शिवारात फिरताना आम्हाला किडीपेक्षा बांधाचेच प्रश्न जास्त विचारले जातात. दौंडकडच्या एका शेतकऱ्याचा ऊस तोडीला आला, तेव्हा शेजाऱ्याने वर्षापूर्वी नांगरून टाकलेल्या रस्त्याची आठवण झाली. मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ प्रमाणे रस्ता अडवल्याचा दावा तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मुदत कधीच टळली होती. वेळेवर सांगणारंच कोणी नव्हतं. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. खताची मात्रा सांगेन, कायदा कुठून सांगणार?

त्यासाठीच आहे विधी स्वयंसेवक, म्हणजे पॅरालीगल. विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला आणि २००९ साली स्वयंसेवकांची योजना आली. वकिलीची पदवी लागत नाही. दहावी झालेल्याला प्राधान्य असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अर्ज मागवते, निवड करते, प्रशिक्षण देते. वारसाहक्क, महिलांचे कायदे, अर्ज लिहिणे, लोकअदालत हे सारं त्यात शिकवतात.

मात्र ही पगाराची नोकरी नव्हे. कामाच्या दिवसाचे मानधन मिळते. कोर्टात उभं राहता येत नाही, की लोकांकडून पैसे घेता येत नाहीत.

सरपंचांनो, गावातल्या शिकलेल्या पोरापोरींना, विशेषतः सुनांना, अर्ज करायला सांगा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे किती घरांत ठाऊक आहे? तोवर १५१०० या क्रमांकावर विचारा. आणि रस्ता अडला, तर ऊस तुटायची वाट बघू नका.