भाड्याची खोली आणि आयकराचा रकाना

आसनगावहून लोकलने नोकरीला जाणारी माणसे आणि मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार यांना राहायला खोली लागते. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडे घराला लागून दोन खोल्या काढून भाडे घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. हे भाडे सरकारला दाखवायचे कसे, ते आज पाहू.

भाड्यावर राज्य सरकारचा वेगळा आयकर नाही. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार कराराची नोंदणी करणे मात्र घरमालकाची जबाबदारी आहे. आयकर केंद्राचा, आणि तो सगळ्या भाड्यावर लागत नाही.

समजा, महिना ५,००० रुपये भाडे येते. वर्षाचे झाले ६०,०००. त्या वर्षात मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी २,००० वजा केली, उरले ५८,०००. यातून ३० टक्के, म्हणजे १७,४०० रुपये, देखभालीपोटी सरसकट सुटतात. रंगकामाची बिले दाखवावी लागत नाहीत. पण खर्च जास्त झाला तरी सूट तेवढीच. उत्पन्न धरले जाते ४०,६००. खोलीसाठी कर्ज असेल तर त्याचे व्याजही वजा होते. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा आला, तरी हा हिशेब तोच राहिला.

आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र फुकट भरता येते. पगार, निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज तिथे बहुधा आधीच भरलेले दिसते. खोलीचे भाडे मात्र आपणच लिहायचे. इथेच घोटाळा होतो. घरी हिशेब करून कुणी ४०,६०० हाच आकडा भाड्याच्या रकान्यात टाकतो. संगणक त्यातून पुन्हा ३० टक्के वजा करतो आणि उत्पन्न २८,४२० दिसते. संगणकाची बेरीज-वजाबाकी बरोबरच असते, पण विवरणपत्र चुकीचे ठरते. उत्पन्न कमी दाखवले म्हणून नोटीस आली, तर बुडालेल्या कराच्या निम्मा दंडही बसू शकतो. म्हणून रकान्यात पूर्ण ६०,००० लिहावेत आणि घरपट्टी तिच्या जागी.

आणखी एक. वीटभट्टीला नुसती मोकळी जमीन दिली असेल, तर ते घरभाडे नव्हे आणि शेतीचे उत्पन्नही नव्हे. ते 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवावे. त्याला ही ३० टक्के सूट नाही.

थकलेली घरपट्टी ज्या वर्षी भराल त्याच वर्षी वजा होते. तेव्हा ग्रामपंचायतीची किंवा नगरपंचायतीची पावती करारनाम्यासोबत जपून ठेवा.