साठ श्वास आणि लाल मणी

घरात तान्हं बाळ आहे? मग ते शांत झोपलेलं असताना अंगडं वर करा आणि घड्याळात बघून मिनिटभर पोटाची वरखाली मोजा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि आकडा ६० किंवा त्यापुढं गेला, तर पुन्हा मोजा. तेवढाच आला तर गावठी इलाज करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला हीच मर्यादा ५० आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या सुईणीला कुठं साठपर्यंत मोजता येतं? हीच अडचण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढं आली होती. तोड निघाली मण्यांची. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, की न्यूमोनिया! तान्ह्यासाठी पाच हिरव्यांनंतर लाल, मोठ्यासाठी चारनंतर. दहापर्यंत मोजता आलं की झालं.

पुढं १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास सुरू झाला. तुलनेला दुसरी ४७ गावं. पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावच्याच बाया ‘आरोग्यदूत’ झाल्या. घरोघरी जाऊन बाळाचं वजन, ताप बघायच्या, आईला ऊब आणि अंगावरचं दूध समजावायच्या. जंतुसंसर्ग दिसला तर आईबापाला विचारून इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. शहरातल्या शहाण्यांना हे धाडस वाटेल. पण डॉक्टर कोसभर लांब आणि बाळ दूध ओढत नाही, तेव्हा दुसरं काय करायचं?

महिन्याच्या आतली बाळं त्या गावांत आधी हजारी ६२ दगावत होती, १९९७-९८ साली २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत आकडा साठाच्या आसपासच राहिला. हे सगळं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

२०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी याच वाटेनं चालू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. तिला ओसरीवरूनच चहा पाजून परत धाडू नका. बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बाळ तिच्या हातात द्या, वजनकाट्याची झोळी लावू द्या.