अश्वगंधा, स्टार्च आणि बेंच प्रेस

जिममध्ये प्रोटीनच्या डब्यांशेजारी आता अश्वगंधाच्या कॅप्सूलही दिसतात. त्यांच्या जाहिरातींत २०१५ सालच्या एका भारतीय अभ्यासाचा हवाला हमखास सापडतो. तो मुळातून वाचण्यासारखा आहे.

त्यात १८ ते ५० वयाचे ५७ पुरुष होते, वजनं उचलण्याचा फारसा सराव नसलेले. आठ आठवडे सगळ्यांनी व्यायाम सारखाच केला. एका गटाला अश्वगंधाच्या मुळांचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा मिळाला, दुसऱ्याला नुसता स्टार्च. अर्क घेणाऱ्यांची बेंच प्रेसमधली ताकद सरासरी ४६ किलोंनी वाढली. जाहिरात इथेच थांबते. पण स्टार्च खाणाऱ्यांचीही ती २६ किलोंनी वाढली होती! म्हणजे निम्म्याहून अधिक कमाई निव्वळ घामाची. मांड्यांच्या व्यायामात तर साडेचौदा किलो विरुद्ध जवळपास दहा, एवढंच अंतर.

नवख्याची ताकद सुरुवातीला झपाट्याने वाढतेच. स्नायू भरण्याआधी मेंदू आणि मज्जातंतू त्यांच्याकडून जास्त काम करून घ्यायला शिकतात. वर्षानुवर्षं जोर-बैठका मारलेल्या पैलवानाने या आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

तरी उरलेला फरक झटकून टाकावा असा नाही. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४० सराईत सायकलपटूंवर प्रयोग केला, तेव्हा अश्वगंधा घेणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढलेली आढळली. अर्कातली विथॅनोलाइड्स नावाची संयुगं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी करत असावीत, झोप सुधारत असावी, असा तर्क आहे. मला तो पटतो. मात्र असे बहुतेक अभ्यास छोटे आणि काही आठवड्यांचेच आहेत. शिवाय त्यांत प्रमाणित अर्क वापरतात. दुकानातलं चमचाभर चूर्ण म्हणजे तो अर्क नव्हे.

‘आयुर्वेदिक आहे, अपाय कसला?’ हे तर कुणी बोलूच नये. अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून आल्या आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. गर्भवतींनी ती टाळावी आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

स्पर्धेत उतरणाऱ्यांची अडचण वेगळी. अश्वगंधा जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, प्रतिबंधित यादीत नाही, पण डब्यात दुसरं काही मिसळलेलं असू शकतं, आणि लघवीच्या नमुन्यात ते सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच. म्हणून जाणते खेळाडू प्रयोगशाळेत तपासलेल्या बॅचचाच डबा घेतात आणि त्यावरचा बॅच नंबर जपून ठेवतात.