शेळीला औषध पाजताना ओढाताण नको, आधी सवय लावा



पाऊस सुरू झाला की शेळ्यांना जंताचं औषध द्यायची वेळ येते. आपल्याकडं बरेच जण शेळीची मान वर करून, जबडा फाकून बाटली तोंडात ओततात. शेळी धडपडते, ठसका लागतो आणि औषध श्वासनळीत जातं. त्यातून फुफ्फुसाला सूज येऊन दोन-चार दिवसांत शेळी दगावूही शकते. जंतानं नाही, पाजण्याच्या पद्धतीनं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांनाही हीच अडचण. घशात नळी घालून औषध दिलं की उंदीर घाबरतो, कधी इजा होते. म्हणून आता काही ठिकाणी संशोधक आधी काही दिवस उंदराला नुसतं गोड घट्ट दूध चाटवतात. चटक लागली की त्याच दुधात औषध देतात. उंदीर आपणहून पितो.

शेळीही नवीन चवीला बिचकते, पण ओळखीची गोडी सोडत नाही. मग असं करा:

*१.* सुई नसलेली स्वच्छ प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तीन-चार दिवस रोज एकाच वेळी, एकाच माणसानं थोडं गूळपाणी चाटवा. दोन-चार चमचे पुरे. जास्त गूळ दिला तर पोट बिघडतं.

*२.* औषधाच्या दिवशी आधी थोडं गूळपाणी, मग औषध, मग परत गूळपाणी.

*३.* सिरिंज तोंडाच्या कडेनं घाला. डोकं सरळ ठेवा, वर उचलू नका. थोडं थोडं सोडा, गिळू द्या. खोकली तर लगेच थांबा.

*४.* मात्रा वजनावर ठरते. आधी आपण एकटे काट्यावर उभे राहा, मग शेळी उचलून घेऊन. फरक म्हणजे शेळीचं वजन. अंदाजानं कमी औषध दिलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात.

*५.* औषध सगळ्यांच्या गव्हाणीत किंवा पाण्यात मिसळू नका. दांडगी शेळी जास्त खाते, अशक्त करडू उपाशी राहतं.

*लक्षात ठेवा:* गाभण शेळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंतनाशक नको. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला दिलं तर पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं. औषधानंतर दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही, ते बाटलीवर वाचा.

एखादी शेळी कडू औषध तरी थुंकणारच. तिला दुसऱ्या माणसानं धरावं, पण डोकं सरळच. आणि जी शेळी आधीच खोकते, धापा टाकते किंवा उभी राहत नाही, तिला तोंडानं काहीच पाजू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ वर फोन करा.

आजच गूळपाणी सुरू करा, चार दिवसांनी औषध द्या.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सोलापूर